आमची पद्मिनी आणि जागा क्रमांक सात

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिला आहे. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



समितीने मला दहा-पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं आणि सोबत एक अटही घातली: "काका, कशावरही बोला, पण बँकेच्या गोष्टी नकोत." मी कबूल झालो. मग विचार केला, या सोसायटीत माझ्यापेक्षा जास्त चर्चा कुणाची झाली असेल? उत्तर लगेच मिळालं. ती गेटातून आत आल्यावर डाव्या हाताला, लिंबाच्या झाडाखाली, निळ्या ताडपत्रीत उभी आहे. जागा क्रमांक सात. माझी प्रीमियर पद्मिनी. तिच्या नावाने मला आजवर समितीची तीन पत्रं आली आहेत आणि तिन्हींना मी बँकेच्या सवयीप्रमाणे "संदर्भ: आपले पत्र" असं लिहून सविस्तर उत्तरं दिली आहेत. आज चौथं उत्तर तोंडी देतो. पण आधी तिची कुळकथा ऐका. लेकरांना ती ताडपत्रीखालची खटारा वाटते, म्हणून मुद्दाम सांगतो.

गोष्ट सुरू होते सोलापुरात जन्मलेल्या एका माणसापासून. शेठ वालचंद हिराचंद, जन्म १८८२. या माणसाने जहाज कंपनी चालवली, बोगदे खोदले, साखर कारखाना काढला, बंगलोरला विमानाचा कारखाना उभा केला. मोटारही आपल्या देशात बनावी असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या काळी मुंबईत मोटारी जोडल्या जात, पण त्या जोडणाऱ्या कंपन्या अमेरिकन. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना मुंबईत १९२८ पासून होता. फोर्डही होती. सुटे भाग खोक्यांतून बोटीने यायचे, इथे नट-बोल्ट आवळायचे आणि गाडी रस्त्यावर. वालचंदांना यापुढे जायचं होतं. त्यांनी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, हे लक्षात घ्या. १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ. नावं अमेरिकन, देह अमेरिकन. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लांबलचक, पेट्रोल पिणाऱ्या.

आता इथे एक गंमत आहे. अमेरिकेत त्या काळी गाडी जितकी मोठी तितका माणूस मोठा, असा हिशेब होता. १९५० च्या दशकात त्यांच्या गाड्या लांबत लांबत साडेपाच मीटरपर्यंत गेल्या, मागे माशासारखे पंख फुटले. मग १९५८ साली तिकडे मंदी आली. लोक जर्मनीची छोटी फोक्सवॅगन घ्यायला लागले. तेव्हा कुठे डेट्रॉइटच्या तिन्ही बड्या कंपन्यांना जाग आली आणि १९५९ च्या अखेरच्या महिन्यांत तिघींनी आपापली 'कॉम्पॅक्ट' म्हणजे आटोपशीर गाडी बाजारात आणली. शेवरलेची कॉर्व्हेअर, फोर्डची फाल्कन आणि आपल्या वालचंदांच्या जुन्या सोयऱ्यांची, म्हणजे क्रायस्लरची, व्हॅलियंट.

त्यातली फाल्कन पहिल्याच वर्षी चार लाखांहून जास्त खपली. साधी, स्वस्त, दुरुस्तीला सोपी. ती निघावी असा आग्रह धरणारे फोर्डचे अधिकारी होते रॉबर्ट मॅकनामारा. हे गृहस्थ पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले आणि १९६८ ते १९८१ अशी तेरा वर्षं जागतिक बँकेचे अध्यक्ष होते. समितीची माफी मागतो, बँक आलीच. पण हिशेबी माणूस छोटीच गाडी काढणार, एवढंच मला सांगायचं आहे. कॉर्व्हेअरचं मात्र वाईट झालं. इंजिन मागे, वळणावर गाडी दगा देते अशी ओरड झाली, आणि १९६५ साली राल्फ नेडर यांनी मोटारींच्या असुरक्षिततेवर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं त्याचं पहिलंच प्रकरण तिच्यावर होतं.

आता माप बघा. अमेरिकेची ही 'छोटी' फाल्कन साडेचार मीटरच्या वर लांब आणि तिचं इंजिन २.४ लिटरचं. आपल्याकडे तेवढी गाडी लग्नाच्या वरातीला मागून आणत! आणि आपण तर त्यांच्या आधीच छोट्या गाडीकडे वळलो होतो. त्याला कारण शहाणपण नव्हे, गरज. स्वातंत्र्यानंतर सरकारच्या टॅरिफ कमिशनने १९५३ साली सांगितलं की नुसती जोडणी नको, सुटे भाग इथे बनवायचे असतील तर राहा, नाहीतर गाशा गुंडाळा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. प्रीमियर राहिली. पण प्रत्येक भाग इथे बनवायचा तर ती लांबलचक अमेरिकन गाडी परवडणार कुणाला? प्रीमियरने त्याआधीच इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला होता. आधी चिमुकली फियाट ५०० आली आणि १९५४ पासून फियाट ११००. वालचंद स्वतः १९५३ सालीच गेले, ती त्यांना पाहायला मिळाली नाही.

या फियाटचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. लांबी साधारण चार मीटर. जुन्या गोल पाठीच्या मॉडेलला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत. नाव चांगलं नाही, पण ते प्रेमाने घेत. १९६४ साली डिलाइट हे मॉडेल आलं आणि तोच चेहरामोहरा पुढे शेवटपर्यंत टिकला. फियाटबरोबरचा करार संपल्यावर नाव झालं प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचं नाव, पद्मिनी. तोवर गाडीचे जवळजवळ सगळे भाग इथेच बनत होते. सोलापूरकराने अमेरिकन गाडीने सुरुवात केली, मध्ये इटली आली आणि शेवटी गाडी झाली कुर्ल्याची.

गाडी मिळायची कशी? आजच्यासारखं शोरूममध्ये जाऊन पेढे वाटत किल्ली घ्यायची, असं नव्हतं. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. गाडी कुणाला, केव्हा, किती किमतीत विकायची यावर सरकारचं नियंत्रण होतं. किमतीचा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

या फियाटची एक गोष्ट मी नोकरीत असताना प्रत्येक नव्या कारकुनाला सांगत असे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान होते. घरच्यांचा आग्रह, आपली गाडी हवी. फियाटची किंमत बारा हजार. शास्त्रीजींच्या खात्यात सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं, कर्ज फिटलेलं नव्हतं. ललिताजींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं, असं त्यांचे चिरंजीव सांगतात. ती गाडी आजही दिल्लीला शास्त्रीजींच्या स्मारकात आहे. मी कारकुनांना म्हणायचो, "बाबांनो, कर्जदार कसा असावा? असा असावा." आणि कर्ज मागायला येणाऱ्या मोठ्या आसामींना हीच गोष्ट मी जरा मोठ्या आवाजात सांगायचो.

आता माझी गाडी. १९८९ साल. मी तेव्हा सेलूच्या शाखेत. स्टाफला वाहन कर्ज मिळायचं, ते घेऊन १९८४ सालची जुनी पद्मिनी घेतली. पाच वर्षं पगारातून हप्ता कापला गेला. गाडी घरी आली त्या दिवशी आमच्या हिने ओवाळलं आणि विचारलं, "एवढी मोठी गाडी आपल्याला कशाला?" हे वाक्य लक्षात ठेवा. आज आपल्या मुलांच्या गाड्यांशेजारी ती उभी केली तर खेळणं वाटते.

गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, त्यामुळे पुढे दोघांच्या मध्ये जागा मोकळी. पुढची सीट सलग बाकासारखी. कायद्याने किती बसायचे ते असो, आमच्याकडे पुढे तीन आणि मागे चार माणसं, मांडीवर लेकरं वेगळी. गंगाखेडला संत जनाबाईंच्या दर्शनाला जाताना एकदा मोजली, दहा भरली. हिवाळ्यात सकाळी चोक ओढायचा, दोनदा ॲक्सिलरेटर दाबायचा, मग सेल्फ. नाही लागली तर धक्का. आणि परभणीचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात जिंतूर रोडवर दुपारी गाडी बंद पडली की समजायचं, नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली. बॉनेट उघडायचं, इंजिनच्या बाजूच्या छोट्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, झाडाखाली बसून डब्यातली भाकरी खायची, आणि भाकरी संपेपर्यंत गाडी सुरू. पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन ठेवायचो, एक माणसांना आणि एक गाडीला.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला चिकटला की चाक फिरेना. मागचा पाटा दोनदा तुटला. स्टेशन रोडच्या बाजूला एक मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या हातात जादू होती. प्लग काढून पोलीस पेपरने घासत घासत ते मला सांगायचे, "साब, ये गाडी बात करती है. सुनना आना चाहिए." मी हळूहळू ऐकायला शिकलो. टपेट वाजतोय की क्लच घसरतोय, कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय की पॉइंट जळालेत, हे कानाला कळायला लागलं. आजच्या गाडीत दिवा लागतो आणि आपण कंपनीला फोन करतो. सोयीचं आहे, तक्रार नाही.

२००० साली आपली सोसायटी झाली. साधारण त्याच सुमारास कुर्ल्याला पद्मिनीचं उत्पादन बंद पडलं. मारुतीने १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आणली, तेव्हाच खरं तर निकाल लागला होता. हलकी, कमी पेट्रोल, रोज सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. पद्मिनी त्यानंतर मुख्यतः मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत उरली. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात ती निवृत्त झाली. पेपरात फोटो आला होता. मी तो कापून ठेवला आहे.

तर आपण इथे राहायला आलो तेव्हा सोसायटीत स्कूटरी बऱ्याच, लुना दोन-तीन आणि चारचाकी एकच. माझी. रस्ता कच्चा, रात्री रिक्षा मिळायची नाही. मग काय, रात्री दार वाजलं की आमची ही आतूनच विचारायची, "दवाखाना की स्टेशन?" आज या सभागृहात बसलेली निदान चार मुलं अशी आहेत, ज्यांच्या आया पद्मिनीच्या मागच्या सीटवर आडव्या होऊन दवाखान्यात गेल्या. मी नावं घेत नाही, ती मुलं आता मिशा ठेवतात. मुलगी पाहायला आलेले पाहुणे स्टेशनवरून आणायला गाडी, बारावीच्या परीक्षेला उशीर झाला तर गाडी, गणपती आणायला गाडी. पेट्रोलचे पैसे कुणी द्यायला लागलं तर मी घेत नसे, पण दुसऱ्या दिवशी घरात हुरडा, आंबे, पुरणपोळी असं काहीतरी येऊन पडायचंच. जागा क्रमांक सात मला समितीने तेव्हाच दिली. गेटाजवळची. कारण एकच: गाडी रात्री-अपरात्री चटकन बाहेर काढता यावी. तो ठराव इतिवृत्तात आहे, मी परवाच पुन्हा वाचला.

आता खरं सांगतो. गेली सहा वर्षं गाडी सुरू नाही. दर पाच वर्षांनी करायचं नोंदणीचं नूतनीकरण मी केलं नाही. भाग मिळत नाहीत, माझी नजरही आता रात्री गाडी चालवण्याची राहिली नाही. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "बाबा, भंगारात द्या." समितीचं म्हणणं, जागा मोकळी करा, चाळीस गाड्या आणि तीस जागा. मी उत्तर लिहायचो की पन्नास वर्षांची झाली की सरकारी नियमाने गाडी व्हिंटेज ठरते, आता नऊच वर्षं उरली, तेवढी कळ काढा. तुम्ही सगळे माझ्या वयाकडे बघून गप्प बसलात.

मग गेल्या श्रावणातली ती रात्र आली. आपल्या एका सभासदांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स बोलावली, ती वीस मिनिटांत गेटाशी आली. पण आत येईना. एका बाजूला दुहेरी लावलेल्या गाड्या आणि दुसऱ्या बाजूला, नेमकी वळणावर, माझी ताडपत्री. पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पावसात गेटापर्यंत उचलून नेलं. दहा मिनिटं गेली असतील. ते आज समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, हसताहेत, म्हणून मला हे बोलता येतंय. त्या रात्री मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलला असतात तर बरं झालं असतं. मी बाल्कनीत उभा राहून बघत होतो. जी गाडी या सोसायटीची अँब्युलन्स होती, तिनेच अँब्युलन्स अडवली होती. आणि ती काही स्वतःहून तिथे उभी राहिली नव्हती. मीच ठेवली होती.

तर समितीच्या तीन पत्रांना हे उत्तर. जागा क्रमांक सात मी सोडतोय. पण एक विनंती आहे, आणि पंचवीस वर्षांचा सभासद म्हणून ती हक्काने करतो. ती जागा पाळीपाळीने, चिठ्ठी टाकून किंवा भाड्याने कुणालाही देऊ नका. ती मोकळी ठेवा. पिवळे पट्टे मारा, वर लिहा, 'अँब्युलन्स आणि तातडीची वाहने'. त्या जागेचा मूळ ठराव याच कामासाठी होता. गाडी बदलली, काम तेच. चाळीस गाड्यांना तीस जागांचं गणित त्यामुळे आणखी एकाने बिघडेल, हे मला कळतं. मी हिशेबाचाच माणूस आहे. पण त्या जागेची किंमत आपण सगळ्यांनी एका पावसाळी रात्री मोजली आहे. वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे, अनुमोदन देणारा मला मिळेल अशी आशा आहे. पहिल्या रांगेतून हात वर झालेला दिसतोय. आभारी आहे.

गाडीचं काय, असं लेकरं विचारतील. चाचा गेले, पण त्यांचा नातू आता गॅरेज चालवतो. तो महिन्यापूर्वी येऊन बॉनेट उघडून बघून गेला. म्हणाला, "साब, दादा का हाथ लगा हुआ इंजन है, मैं चालू करूंगा." मी पैसे घेतलेले नाहीत. अट एकच घातली आहे, सुरू झाली की आमच्या हिला आणि मला एकदा गंगाखेडपर्यंत न्यायचं. पुढच्या सीटवर आम्ही दोघं आणि तो, तिघं मावतात.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता तो तिला न्यायला येणार आहे. बॅटरी मेलेली आहे, टायर बसलेले आहेत, गेटापर्यंत तरी ढकलावी लागेल. या सोसायटीत तिला धक्का न मारलेला जुना सभासद सापडायचा नाही. नव्यांनाही संधी आहे. सगळ्यांनी या. चहा आणि पोहे आमच्याकडे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.